अर्ज पाठवला, तरी पोर्टल म्हणतंय 'अपूर्ण'

ओसरी
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

लेक मास्टर्ससाठी परदेशी अर्ज करतेय. सहा विद्यापीठं, तीन देश आणि प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. स्वीडनला सगळ्या विद्यापीठांचं मिळून एकच पोर्टल. जर्मनीत दोन्ही ठिकाणी आधी युनि-असिस्ट नावाची संस्था कागद तपासणार, मग ते विद्यापीठाकडे जाणार. उरलेल्या ठिकाणी ज्याचं त्याचं वेगळं पोर्टल. लॉगिन आणि पासवर्ड लिहिता लिहिता वहीची दोन पानं भरली.

पाच अर्ज मार्गी लागले. सहावा, म्हणजे नेमका तिला सगळ्यात जास्त हवा असलेला, नऊ दिवसांपूर्वी सबमिट केला. फी गेली, पोचपावतीची मेलही आली. तरी पोर्टलवर लाल अक्षरांत 'अपूर्ण'. खालच्या यादीत दोनपैकी एका शिफारसपत्रापुढे 'प्रतीक्षेत'. सरांना विचारलं तर ते म्हणतात, 'मी पत्र दोन आठवड्यांपूर्वीच अपलोड केलंय, मला आभाराची मेलसुद्धा आली.' सर खोटं बोलणारे नाहीत. मग पत्र गेलं कुठे?

मुदत परवा संपतेय. पुन्हा नवीन अर्ज भरावा का?

पाटीपेन्सिल
नवीन अर्ज नका भरू, एवढं मलाही कळतं. बाकी जाणकार सांगतील. आमच्याकडे चिरंजीव बारावीनंतरच्या अर्जांना लागलेत, त्यामुळे खुर्ची टाकून बसलोय.

तळटीप
एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात मी काही वर्षं काम केलंय (आता नाही). टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते सांगतो.

सबमिटचं बटण दाबलं की अर्ज 'झाला' असं आपल्याला वाटतं. पलीकडे त्या क्षणी फक्त एक फाइल उघडते. तुम्ही भरलेला फॉर्म त्यात पडतो. परीक्षेचे गुण परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून वेगळ्या वाटेने येतात, शिफारसपत्रं तिसऱ्या वाटेने, फीची नोंद बँकेकडून चौथ्या वाटेने. या सगळ्यांची गाठ घालायची कशावरून? अर्ज क्रमांक, नाव, जन्मतारीख आणि ईमेल. चारही जुळलं तर यंत्र आपोआप जोडतं. एखादं हुकलं तर तो कागद बेवारस खात्यात जातो आणि कोणीतरी माणूस हाताने जोडेपर्यंत तिथेच पडून राहतो. मुदतीच्या आठवड्यात हा ढीग किती वाढतो ते पाहिलेल्यालाच ठाऊक.

म्हणून 'सबमिटेड', 'रिसीव्हड' आणि 'कम्प्लीट' हे तीन वेगळे शब्द आहेत. पहिला तुमच्या बाजूचा. दुसरा म्हणजे फॉर्म आमच्याकडे पोचला. तिसरा लागल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी निवड समितीपुढे फाइल जातच नाही. यादी अपडेट व्हायलाही काही दिवस लागतात, तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत लाल दिसलं तर घाबरू नये. नऊ दिवस मात्र जास्त झाले.

ओसरीताई, सरांना आलेल्या आभाराच्या मेलवर अर्ज क्रमांक असेल तर तो मागवून घ्या. आणि तो लेकीच्या पोर्टलवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.

खिडकीतली
नावाच्या गोंधळाला जोरदार अनुमोदन! माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी आणि इंग्रजीच्या परीक्षेला नोंदणी करताना मी घाईत मधलं नावच गाळलेलं. गुण पाठवल्याची पावती माझ्या हातात, आणि पोर्टल म्हणे गुण मिळालेच नाहीत. तीन आठवडे. शेवटी मेल लिहून तिन्ही कागद सोबत जोडले तेव्हा एका दिवसात सुटलं.

तेव्हापासून जो विचारेल त्याला सांगते, पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, सगळीकडे. गुणपत्रिकेवर वेगळं असेल तर पोर्टलमध्ये बहुतेक वेळा 'पूर्वीचे किंवा अन्य नाव' असा रकाना असतो, तो रिकामा सोडायचा नाही.

कासवगती
एक विचारू का, राग मानू नका. अर्ज लेकीचा, सर लेकीचे. मग इथे तुम्ही का विचारताय? पोर्टलवर शेवटी जो चौकोन टिचकावा लागतो त्यात 'वरील सर्व माहिती मी स्वतः भरली आहे' अशा अर्थाचं काहीतरी असतं. तिथे आईने टिचकी मारली तर ती सहीच झाली की.

ओसरी
कासवगती, राग नाही. पण तिची शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा चालू आहे, प्रकल्पाचा अहवाल डोक्यावर आहे. घरात एक माणूस रिकामं असताना पत्ता, जन्मतारीख, शाळेची वर्षं असलं कारकुनी काम त्याने केलं तर काय बिघडलं? निबंध तिचा तिनेच लिहिलाय, मी शुद्धलेखनसुद्धा तपासलं नाही.

सरांना मेलबद्दल विचारलंय, उत्तर यायचंय.

उलटतपासणी
कारकुनी काम वेगळं आणि चावी वेगळी. २००२ सालची गोष्ट आठवते का कोणाला? येल विद्यापीठाने अर्जदारांना निकाल पाहण्यासाठी संकेतस्थळ काढलं होतं. आत शिरायला नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) एवढंच पुरे. प्रिन्स्टनच्या प्रवेश कार्यालयाकडे त्यांच्या स्वतःच्या अर्जांमुळे हे सगळं होतंच, आणि तिथल्या लोकांनी खरोखरच दोन्हीकडे अर्ज केलेल्या मुलांच्या नावाने आत शिरून पाहिलं. वर म्हणे, साइट किती सुरक्षित आहे ते तपासत होतो! चांगलीच शोभा झाली. जन्मतारीख हा पासवर्ड नव्हे, हे तेव्हा शिकायला हवं होतं. आजही लोक तोच ठेवतात.

दुसरी २००५ची. अमेरिकेतल्या बऱ्याच बिझनेस स्कूल्सचे अर्ज अप्लाय-युअरसेल्फ नावाच्या एकाच पोर्टलवरून जायचे. कोणीतरी इंटरनेटवर युक्ती टाकली की पत्त्याच्या ओळीत आपला क्रमांक घुसवला की निकाल महिनाभर आधी दिसतो. मुलांनी केलं. बहुतेकांना कोरं पान दिसलं, काहींना नकार. हार्वर्ड बिझनेस स्कूलने असं करणाऱ्या ११९ जणांना सरसकट नाकारलं. त्यातल्या काहींनी सांगितलं की आम्ही नाही, घरच्यांनी पाहिलं. ते कोण मानणार? खात्यातून जे होतं ते खातेदाराने केलं, इतकाच हिशोब.

पाटीपेन्सिल
बापरे. कोऱ्या पानापायी वर्ष गेलं की.

माझा प्रश्न मध्येच टाकतो. आमच्याकडे ब्रिटनसाठी यूकॅस आणि अमेरिकेसाठी कॉमन ॲप अशी सामायिक अर्जांची दोन्ही पोर्टलं उघडलीत. मुलगा म्हणतो एकच निबंध दोन्हीकडे चालवतो.

कासवगती
चालणार नाही, बसणारही नाही. कॉमन ॲपचा मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत, आणि तिथे माणूस म्हणून तू कोण ते सांगायचं. यूकॅसवर मर्यादा अक्षरांत, मोकळ्या जागा धरून ४०००, आणि तिथे 'हाच विषय का' याभोवतीच लिहायचं. शिवाय २०२६च्या प्रवेशापासून यूकॅसने एकसंध निबंध काढून टाकून तीन प्रश्न केलेत. प्रत्येकाला कमीत कमी ३५० अक्षरं. जुन्या नमुन्यांवर तयारी करणारी मुलं इथेच फसतात.

यूकॅसवर पाच पर्याय, त्यांना क्रम नसतो, आणि तुम्ही सगळ्या उत्तरांवर निर्णय देईपर्यंत एका विद्यापीठाला दुसरी चार कोणती ते दिसत नाही. सगळीकडे जाणारा मजकूर मात्र एकच, म्हणून त्यात कुठल्या एका विद्यापीठाचं गुणगान नको. कॉमन ॲपवर वीसपर्यंत कॉलेजं टाकता येतात. एकाला अर्ज गेला की त्याचा फॉर्म गोठतो, पण पुढच्यासाठी निबंध सुधारता येतो. म्हणून सगळ्यात आवडतं कॉलेज पहिलं पाठवू नये. पहिल्या अर्जातल्या चुका दुसऱ्या दिवशी दिसतात, हे माझं स्वानुभवाचं मत.

मुदतीची वेळ नीट वाचा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची यूकॅसची मुदत १५ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा, तीही ब्रिटनच्या घड्याळाने. रात्री बारा नव्हे! आणि गंमत म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात, त्यामुळे जानेवारीच्या मुदतीच्या वेळी तुमच्या-त्यांच्या वेळेतलं अंतर एका तासाने बदललेलं असतं. ऑक्टोबरात केलेला हिशोब जानेवारीत वापरायचा नाही.

रातकिडा
मी सध्या मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे जखम ताजी आहे. :)

पीडीएफबद्दल कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. विद्यापीठाकडून आलेल्या ई-गुणपत्रिकेवर डिजिटल सही असते. फाइल मोठी म्हणून आपण ती प्रिंट-टू-पीडीएफ करून लहान करतो, किंवा चार फाइली जोडून एक करतो, की सही गेली. आपल्याला दिसायला सगळं तसंच दिसतं, पलीकडे 'सही वैध नाही' येतं. तशा फाइलला हात लावू नका, मूळ आहे तशीच चढवा. पासवर्ड असलेली फाइल तर उघडणारच नाही. फाइलचं नाव साधं रोमन अक्षरांत ठेवा. मी मराठीत ठेवलं होतं, पोर्टलवर त्याचे नुसते चौकोन झाले. आणि चढवल्यावर ती तिथूनच परत उतरवून एकदा उघडा. माझ्या मित्राचं दुसरं पान उलटं होतं, कोणाच्या लक्षात आलं नाही. समितीने मान वाकडी करून वाचलं असेल बिचाऱ्यांनी.

पैसे गेले आणि पान अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. युनि-असिस्टमध्ये फी पोचल्याशिवाय कागद तपासायलाच घेत नाहीत आणि तपासायला चार ते सहा आठवडे धरून चालावं. हिवाळी सत्राच्या बऱ्याच मुदती १५ जुलैच्या असतात, पण १५ जुलैला अर्ज टाकून कागदात खोट निघाली तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

ओसरीताई, स्वीडनला पर्याय क्रमाने लावले असतील ना? तिथे वरचा मिळाला की खालचे आपोआप रद्द होतात. तेव्हा मनापासून हवा तो वर. 'जिथे मिळण्याची शक्यता जास्त ते वर टाकू' हा शहाणपणा नको.

पाटीपेन्सिल
हे मला कधीच पटत नाही. वर अवघड टाकलं आणि तिथे नाही लागला नंबर, तर खालचं हातचं जाणार नाही का?

रातकिडा
नियम नीट असतील तर नाही जात. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी १९६२मध्येच याची रीत मांडली. प्रत्येक मुलगा आधी पहिल्या पसंतीकडे जातो. कॉलेज हाताशी आलेल्यांपैकी चांगले तात्पुरते धरून ठेवतं, बाकीच्यांना सोडतं. सुटलेला दुसऱ्या पसंतीकडे जातो, आणि तिथे तो आधी धरलेल्यापेक्षा सरस असेल तर त्याला बाजूला सारून बसतो. कोणाचीही जागा शेवटपर्यंत पक्की होत नाही, म्हणून उशिरा आल्याचा तोटा नाही. या रीतीत खरी पसंती लिहिण्यातच विद्यार्थ्याचा फायदा असतो हे नंतर सिद्ध झालं. शॅपलींना ॲल्विन रॉथ यांच्यासोबत २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, गेल तोवर हयात नव्हते.

मेख एकच. प्रत्येक पोर्टल ही रीत वापरत नाही. काही ठिकाणी पहिली पसंती देणाऱ्यालाच आधी जागा देतात, तिथे तुमची भीती खरी. आणि पर्यायांची संख्या चारवर अडवली असेल तर चारही आभाळातले टाकू नयेत. नियमावलीत 'वाटप कसे होते' हा परिच्छेद असतो. कोणी वाचत नाही, पण सगळं तिथेच असतं.

उलटतपासणी
अवांतर: निबंध इकडून तिकडून उचलणाऱ्यांसाठी. २००७मध्ये यूकॅसने सुमारे ५०,००० अर्जांतले निबंध यंत्राला तपासायला दिले. वैद्यकीयला जाऊ इच्छिणाऱ्या २३४ जणांनी आठव्या वर्षी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोक पाडलं होतं. एकाच प्रकारे. संकेतस्थळावरच्या नमुन्यात होतं ते.

खिडकीतली
२३४ पायजमे!! :हसून हसून पुरेवाट:

तळटीप
पायजम्यातून बाहेर या जरा. ओसरीताई, एक शंका आहे. सरांनी पत्र दोन आठवड्यांपूर्वी चढवलं म्हणता, अर्ज सबमिट झाला नऊ दिवसांपूर्वी. हे होऊ शकतं, शिफारसीची मेल सबमिटच्या आधीही जाते. पण या पोर्टलवर लेकीच्या नावाने एकच खातं आहे याची खात्री आहे का? तुम्ही किंवा तिने आधी एखादा अर्ज सुरू करून अर्धवट सोडला होता का?

ओसरी
...

सांगते. सुरुवातीला खातं मी उघडलं होतं. माझ्या ईमेलवरून. तिची परीक्षा होती, म्हटलं पत्ता-बित्ता भरून ठेवू. त्यात शिफारस देणाऱ्यांची नावं टाकायचं पानही होतं, तेही भरलं. तिला कळल्यावर ती चिडली, म्हणाली माझ्या नावाचा अर्ज तुझ्या ईमेलवर कसा? मग तिने स्वतःच्या ईमेलने नवीन खातं काढून सगळं पहिल्यापासून भरलं. माझं तसंच राहिलं.

आत्ता सरांचा निरोप आला. त्यांच्या मेलवरचा क्रमांक लेकीच्या अर्जाचा नाही. माझ्या वहीत जो आहे, तो आहे.

तळटीप
सापडलं म्हणजे.

शिफारसीचा दुवा त्या एका अर्जाशी बांधलेला असतो. सरांचं पत्र तुमच्या अर्धवट अर्जात सुखरूप बसलंय, आणि तो अर्ज कधी सबमिट न झाल्याने कोणी उघडणार नाही. लेकीने नाव टाकल्यावर सरांना दुसरी मेल गेलीच असणार. तोच विषय, तेच विद्यापीठ, तेच नाव. त्यांना ती आठवणीची मेल वाटली असेल, किंवा स्पॅममध्ये पडली असेल. दुसऱ्या शिफारसकर्त्याने बहुधा दोन्ही मेल उघडल्या किंवा नुसती दुसरीच, म्हणून त्यांचं पत्र पोचलं.

आता दोन वाटा, दोन्ही आजच धरा. लेकीने पोर्टलवरून सरांना दुवा पुन्हा पाठवावा, तिथे 'रिसेंड' असतं. सरांना फोनवर सांगावं की तीच फाइल नव्या दुव्यावर चढवायची आहे. हे दहा मिनिटांचं काम. सोबत प्रवेश कार्यालयाला मेल: विषयात चालू अर्ज क्रमांक, आत पूर्ण नाव, जन्मतारीख, दोन्ही क्रमांक, 'दुसरा चुकून उघडला गेला, पत्र त्यात आहे, कृपया दोन्ही नोंदी एकत्र कराव्यात'. चार ओळी पुरेत. कशी चूक झाली त्याची कहाणी नको, आम्ही ती वाचायचो नाही. मेल लेकीच्या, अर्जात दिलेल्या पत्त्यावरूनच जायला हवी. तुमच्या पत्त्यावरून गेली तर उत्तर मिळणार नाही, गोपनीयतेचा नियम आहे. पालकांचे रोज फोन यायचे, आम्ही 'अर्जदाराला सांगा' एवढंच म्हणू शकायचो. वाईट वाटायचं, पण तेच.

आणि तुमचं खातं डिलीट करू नका! पत्र तिथे आहे. एकत्र झाल्याचं उत्तर येईपर्यंत हात लावू नका.

कासवगती
मी काही बोलत नाही.

ओसरी
बोललात की. ठीक आहे, ऐकून घेते. :(

तळटीप
मुदतीचंही फार मनाला लावून घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी मुदत अर्जदाराच्या भागाला असते, शिफारसपत्राला थोडे दिवस सवलत देतात. त्या विद्यापीठाच्या पानावर 'सपोर्टिंग डॉक्युमेंट्स'खाली लिहिलेलं असेल, ते बघून घ्या.

पाटीपेन्सिल
मी आत्ता उठून बघून आलो. चिरंजीवांच्या यूकॅसवर माझा ईमेल आहे. :तोंड लपवणारी बाहुली:

कासवगती
खात्याच्या सेटिंगमध्ये बदलता येतो. त्याला शेजारी बसवा आणि पासवर्ड त्यालाच टाकायला लावा, तुम्ही दुसरीकडे बघा.

उलटतपासणी
आणि ईमेलचा पत्ता कॉलेजने दिलेला नको. कॉलेज संपल्यावर तो बंद होतो आणि प्रवेशाचं पत्र त्यावरच येतं.

ओसरी
नमस्कार. मी ओसरीची लेक. आईने धागा दाखवला, सगळा वाचला. (आई, 'शुद्धलेखनसुद्धा तपासलं नाही' हे खोटं आहे. तू दोन स्वल्पविराम बदलले होतेस.)

सरांनी काल रात्रीच पत्र नव्या दुव्यावर टाकलं. दुसरी मेल त्यांच्या स्पॅममध्येच होती. कार्यालयाला मेल मी लिहिली, चारच ओळींची. उत्तर आज सकाळी आलं, नोंदी एकत्र केल्यात. पोर्टलवर अजून लाल आहे, पण मेलमध्ये म्हटलंय की रंग बदलायला दोन दिवस लागतील. तळटीपकाका, खूप आभार.

स्वीडनचा क्रमही रातकिडा यांचं वाचून बदलला. मी खरंच सोपं ते वर टाकलं होतं.

कासवगती
अभिनंदन. पण हे तू आईच्या आयडीवरून लिहिलंस?

ओसरी
पासवर्ड तिची जन्मतारीख आहे.